मनिषच्या सायकलवरचा चैत्या

झरीचा मनिष सायकलवर दुकान घेऊन फिरतो म्हटलं की परक्या माणसाला वाटायचं, बांगड्या-टिकल्या विकत असेल. कसल्या बांगड्या अन् कसलं काय! त्याच्या कॅरियरवर बांबूच्या चौकटीत सोलरचं पॅनल बांधलेलं असे, खाली मोटारसायकलची जुनी बॅटरी, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत लॅपटॉप. पाड्यापाड्यावर जायचं, लोकांच्या मोबाईलच्या कार्डात गाणी भरून द्यायची, कुणाच्या लग्नाचे फोटो असतील तर ते मोठे करून दाखवायचे, हा त्याचा धंदा. हायवेवर अच्छाडच्या ढाब्यांवर थांबलेले ट्रकवालेही त्याच्याकडून गाणी भरून घेत. पाड्यांवर विजेचे खांब होते, पण वीज कधी येईल आणि कधी जाईल हे वायरमनलाही सांगता येत नसे. म्हणून मनिषचा सगळा भरवसा उन्हावर.

पॅनल मागच्या बाजूला कललेलं, त्यामुळे ऊन पाठीवर घ्यावं लागे. सकाळी तो पश्चिमेच्या पाड्यांकडे निघायचा आणि दुपार कलली की पूर्वेकडे वळायचा. कुणी उलट्या दिशेला बोलावलं तर सरळ नाही म्हणायचा. लोक चिडवत, "मनिष, रस्ता तू ठरवतोस का सूर्य?" हसू देत बापडे. पण फिरत्या सायकलवर लॅपटॉप चार्ज करून घेणारा त्या भागात तो एकटाच होता आणि त्याचा त्याला थोडा तोरा होता, खोटं कशाला बोला.

दोन हजार पंधराच्या पावसाळ्याअखेरीस पश्चिमेच्या पाड्यावरच्या शुक्रीचा एकुलता एक पोरगा, चैत्या, गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. दिवाळी झाली आणि निरोप आला, जाळं ओढताना तोल गेला, पाण्यात पडला. शोधलं, पण सापडला नाही. त्याच्या सोबत्यानं पिशवी तेवढी आणून दिली. तिच्यात दोन शर्ट होते, एक कंगवा होता आणि बंद पडलेला मोबाईल होता.

तो मोबाईल घेऊन शुक्री मनिषच्या सायकलीपुढे उभी राहिली. मोबाईल काही चालू होईना. मनिषनं आतलं कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, आणि पडद्यावर चैत्या दिसला. बोटीवर उकिडवा बसून मासळी निवडत होता. कुणीतरी शूटिंग करत होतं. चैत्या वर बघून हसला. "आय, बघ, किती काळा झालो मी. भात नीट खा. होळीला येतो." मग त्यानं एक मासा शूटिंग करणाऱ्याच्या अंगावर फेकला आणि तिथेच ते संपलं.

"परत लाव," शुक्री म्हणाली. मनिषनं परत लावलं. लॅपटॉप बंद पडेपर्यंत तो परत परत लावत राहिला. त्याआधीच त्यानं चैत्याला लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं होतं. निघताना कार्ड मोबाईलमध्ये घालून परत दिलं.

प्रेत नव्हतं, म्हणून घरच्यांनी पेंढ्याचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. गेलेल्याचं सामान त्याच्याबरोबर द्यायचं, नाहीतर तो मागायला घरी येत राहतो, ही त्या घराची रीत. चैत्याचा काका काळ्या यानं पुतळ्याबरोबर चितेवर शर्ट ठेवले, कंगवा ठेवला आणि मोबाईलही ठेवला, कार्डासकट. शुक्रीनं अडवलं नाही. शेजारची जिवली कळवळली, तेव्हा शुक्री तिला म्हणाली, "जळू दे. माझा चैत्या मनिषच्या मशीनमध्ये आहे."

हे मनिषच्या कानावर आलं. दुसऱ्या कार्डात एक कॉपी काढून ठेवायला हवी, हे त्याला तेव्हाच सुचलं. पण आज करू, उद्या करू. माणसाचं असंच असतं, जे हाताशी आहे ते कुठे जातंय असं वाटतं. तो दर आठवड्याला शुक्रीकडे जायचा, चैत्या दाखवायचा, तिच्या हातची भाकरी खायचा. होळी आली नि गेली. त्या दिवशी ती एकदाच बघून उठली.

वैशाखात एका दुपारी तो पोचला तेव्हा लॅपटॉपचं चार्जिंग अगदीच उतरलं होतं. त्यानं पॅनल अंगणात टेकवलं, लॅपटॉप चार्जिंगला लावून खाटेवर मोहाच्या सावलीत ठेवला आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेला. तिथे कुणीतरी भेटलं, गप्पा लांबल्या. सावली सरकली.

परत आला तेव्हा शुक्री खाटेशी बसली होती. उघड्या लॅपटॉपवर तिनं ओल्या फडक्याची घडी ठेवली होती आणि तांब्यातून त्यावर थोडं थोडं पाणी सोडत होती. पोराला ताप आला की आई कपाळावर घडी ठेवते, तशीच.

"तापला होता रे," ती म्हणाली. "हात लावला तर चटका बसला. आता थंड झाला बघ."

मनिष धावला. त्यानं घडी उचलली, लॅपटॉप तिरका केला. बटणांच्या फटींतून पाणी ओघळलं. ओरडावं असं वाटलं, पण कुणावर ओरडणार? त्यानं वायर काढली आणि म्हणाला, "मावशी, मशीन जरा दमलंय. वापीला दाखवून आणतो."

वापीच्या दुकानदारानं लॅपटॉप खोलला, आतली डिस्क तपासली आणि मान हलवली. पाण्यानं शॉर्ट होऊन सगळं जळलं होतं. "दुसरीकडे कॉपी नाही ठेवली?" त्यानं सहज विचारलं. मनिषला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ती खरी कुणाच्या कानाखाली वाजायला हवी होती, ते त्याला पक्कं माहीत होतं.

मग तो त्या पाड्याला गेलाच नाही. पॅनल घराच्या पडवीत उभं करून ठेवलं आणि मिळेल त्या मजुरीला जाऊ लागला. रात्री झोप येईना, अन्न गोड लागेना. शेवटी जिवली शोधत आली. "शुक्री रोज अंगण झाडून बसते," ती म्हणाली. "खाणंपिणं सोडलंय तिनं. काय ते तोंडानं सांग तरी."

तो गेला. शुक्रीनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"माझ्या पाण्यानं गेला ना?"

"नाही मावशी. मशीन जुनं होतं."

"फडकं पिळून ठेवलं असतं तर?"

मनिषनं मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "तू तर किती वेळा ऐकलंस. बोलून दाखव. तो बोलायचा तसं."

त्याला नको होतं, पण नाही कसं म्हणणार? घसा साफ करून तो बोलला, "आय, बघ, किती काळा झालो मी. भात नीट खा. होळीला येतो."

शुक्री डोळे मिटून ऐकत होती. "असा नव्हता बोलत," ती म्हणाली.

"मग कसा?"

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग डोळे उघडून ती मनिषकडे बघत राहिली.

"आत्तापर्यंत होता रे कानात," ती म्हणाली. "तू बोललास, आणि आता तुझाच आवाज येतो."