थप्पीचा नियम

तातेराव सरांना रसायनशास्त्र शिकवताना पुस्तक लागत नसे, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. "पुस्तक तुमच्यासाठी. मला बिलकुल गरज न्हाई!" १९८१ साली ते अंबडच्या एका ज्युनिअर कॉलेजात लागले. तेव्हापासून एक खडू आणि एक घसा, एवढ्यावर त्यांनी अकरा वर्षं काढली. घसा तर असा खणखणीत, की दाराबाहेरच्या शिपायालाही अर्धी आवर्त सारणी पाठ झाल्ती.

त्यांचे वडील कारभारी जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. त्यामुळं सरांच्या शिकवण्यात मोंढा घडीघडी यायचा. बारावीला लोखंडाचा आयन आला की ते फळ्यावर दोन खोल्या काढत, एक फोर-एस, एक थ्री-डी. आधी फोर-एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन भरायचे, मग थ्री-डीमध्ये सहा. इथवर सगळं बराबर. पण आयन होताना दोन इलेक्ट्रॉन निघून जातात, ते कुठल्या खोलीतले?

"पोत्यांची थप्पी आठवा," सर म्हणत. "शेवटी ठेवलेलं पोतं आधी उतरतं. म्हंजे थ्री-डीतले दोन गेले, चार राह्यले. माझ्या बापानं जन्मभर हेच केलं." बापाचं नाव निघालं की आवाज जरा ओला व्हायचा. वर्ग मुकाट्यानं लिहून घ्यायचा.

ब्याण्णवच्या बॅचला बेबीनंदा नावाची मुलगी होती. गोंदी रस्त्यावरच्या वस्तीवरून सायकलनं यायची. तिनं एकदा हात वर केला.

"सर, पुस्तकात तर फोर-एसमधले आधी जातात असं..."

"छापणाऱ्याची चूक असंल. बस खाली."

ती बसली.

त्याच वर्षी बारावीची परीक्षा झाल्यावर सरांना पहिल्यांदा बोर्डाचे पेपर तपासायला बोलावणं आलं. औरंगाबादला बैठक होती. नमुना उत्तरं वाटली गेली. त्यात लोखंडाचा आयन होता, दोन मार्कांना. फोर-एस रिकामी, थ्री-डीत सहाच्या सहा! सरांनी शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांना हळूच विचारलं, हे छापताना चुकलं का हो?

"काय थट्टा करता!" म्हातारा हसला. "भरताना फोर-एस आधी भरते खरी, पण आहे बाहेरची. आधी कोण आलं याला काय करायचं? ओसरीवर बसलेलाच आधी उठून जाणार की."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षं! आणि बेबीनंदा? तिच्या बापानं, वसंतानं, बजावलं होतं की साठ टक्के पडले तर जालन्याला बी.एस्सी. करायचं, न्हाई तर शिक्षण बंद. पोर नेमकी काठावरची होती. दोन मार्कांनी ती गेली तर? परतल्यावर घरी न जाता त्यांनी तडक वस्ती गाठली.

बेबीनंदा अंगणात कुरडया वाळत घालत होती. तिच्या आईनं, सोनूबाईनं, बाज टाकली. सर काही बसले नाहीत.

"पोरी, मी चुकलो," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "तू बराबर सांगत होतीस, मीच तुला खाली बसवलं. तुझे दोन मार्क माझ्यापायी गेले. तुझ्या वडलांपुढं मी हात जोडतो."

बेबीनंदानं एकदा आईकडं पाहिलं. "न्हाई गेले, सर."

"म्हंजे?"

"मी पुस्तकातलंच लिहून आल्ते. सगळ्यांनीच तसं लिहिलं."

ती आत गेली आणि एक जुनी वही घेऊन आली. दरसालच्या पोरांच्या हातून फिरत आलेली, आणि तिनं वर्गात हात वर केला त्याच दिवशी तिच्या हाती पडलेली. लोखंडाच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथं वहीत सरांचं, बोर्डाच्या पेपरात पुस्तकाचं. सरांना कळू द्यायचं न्हाई.' खाली वेगवेगळ्या अक्षरांत नावं. पहिलंच बद्रीनाथ, चौऱ्याऐंशीच्या बॅचचा.

"अगं, कोणी तरी सांगायचं ना!" सर कळवळले.

"थप्पीचं सांगताना तुम्ही वडलांचं नाव घ्यायचे, सर," बेबीनंदा म्हणाली. "कोणाची जीभच रेटंना."

तेव्हा कुठं सर बाजेवर टेकले. पोरीच्या आईसमोर रडायचं म्हणजे काय! पण आवरेना. मग त्यांनी सरळ धोतरागत लांब रुमाल काढला आणि मनसोक्त रडून घेतलं. किती जपलं होतं पोरांनी त्यांना!

जूनमध्ये बेबीनंदाला बासष्ट टक्के पडले. आणि लोखंडाच्या धड्याच्या दिवशी सर नव्या बारावीपुढं उभे राहिले.

"हे मी अकरा वर्षं चूक शिकवत आलो," ते म्हणाले. "पोतं निराळं, इलेक्ट्रॉन निराळा. आधी फोर-एस रिकामी होते. लिहा."

कोणी पेनच उचलेना. पोरं एकमेकांकडं बघून राह्यली. शेवटी मागच्या बाकावरचा शिवाजी उठला.

"सर, मंग आता वहीत पण पुस्तकाचंच लिहायचं का?"

"वहीत पण," सर म्हणाले, आणि खडू घेऊन फळ्याकडं वळले. बराच वेळ त्यांना तिकडंच तोंड करून उभं राहावं लागलं.