आवणीची पहिली मूठ

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीच्या अलीकडे एका उतारावर पुण्याच्या नवरा-बायकोला प्लॉट दाखवत होतो. फोन भाच्याचा, संतोषचा. "मामा, आई गेली," तो म्हणाला आणि मग तुटक तुटक सांगत गेला. चुलीपुढं बसल्या बसल्या कलली, हिर्डोशीहून जीप करून भोरला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. "निघतो लगेच," म्हणालो आणि फोन खिशात टाकला. समोरच्या बाईंनी मघाशी अर्धा राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला, की उन्हाळ्यात इथं पाण्याचं काय? मी त्यांना बोअरचं सांगितलं. कोपऱ्याचा प्लॉट दाखवला, तिथून राजगड कसा समोर येतो तेही दाखवलं. त्यांना गाडीपर्यंत सोडलं आणि मग हिर्डोशीची वाट धरली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आक्काबद्दल लिहायचं तर आणखीही काही सांगावं लागणार आहे, त्याची सुरुवात इथून केलेली बरी.

आक्काचं नाव हौसाबाई. आम्ही दोघंच भावंडं, ती थोरली आणि मी बऱ्याच वर्षांनी झालेला. माहेर वेल्हे तालुक्यात विंझरजवळ, सासर पार भोरच्या पलीकडे, वरंध घाटाच्या वाटेवर हिर्डोशीला. मधे डोंगरच डोंगर. एसटीनं यायचं तर आधी भोर, मग चेलाडी फाटा, मग वेल्ह्याची गाडी मिळेल तेव्हा. सासरीही भात आणि नाचणीच, कामाला तोटा नव्हता. तरी आषाढात आक्का माहेरी यायचीच. आमच्या घरात रीत होती, भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, म्हणजे आवणी करायची, तर पहिली मूठ घरच्या लेकीनं लावायची. सून कितीही हाताची चपळ असो, पहिली मूठ लेकीची. आई होती तोवर आत्या यायची, पुढं आक्का. ती नऊवारीचा ओचा खोचून भाताच्या खाचरात उतरायची, ईशान्येच्या कोपऱ्यात मूठ लावायची, आणि बांधावर उभ्या असलेल्या मला ओरडायची, "उतर की रं! का चिखलाला लाजतोयस? का तुला बी सासरी धाडायचाय?" सगळ्या बाया हसायच्या. मी बारावीला गेलो तरी ती तेच म्हणायची. दिवाळीला आली की जाताना एक पिशवी भात बियाण्याला न्यायची. आमच्याकडचा आंबेमोहोर वासाला चांगला, असं तिचं म्हणणं. दाजी म्हणायचे, "आमच्यात काय भात पिकत न्हाई व्हय?" ती म्हणायची, "पिकतो की. पोटापुरता."

मी या धंद्यात कसा आलो हे इथं सगळ्यांना माहीत आहे, कारण इथले बरेच जण तसेच आले. शहर आधी कात्रजच्या घाटाखाली उतरलं, मग हायवेनं खेड-शिवापूरपर्यंत आलं, आणि मग शनिवार-रविवारी आमच्या रस्त्याला पांढऱ्या गाड्या दिसायला लागल्या. गाडीतला माणूस काच खाली करून विचारायचा, "इथं गुंठ्यात मिळेल का काही?" पहिल्यांदा मी नुसती दुसऱ्यांची जमीन दाखवायचो. एका रिंगरोडची बातमी आली की लोक सकाळी एक भाव सांगायचे आणि संध्याकाळी दुसरा. चहाच्या टपरीवर पेरणीच्या ऐवजी सातबाराचे उतारे आणि मोजणी यांच्याच गप्पा. मी लोकांना विकायला लावायचो आणि स्वतःची मात्र राखून होतो, त्याचा मला अभिमानही होता. मग एका प्लॉटिंगवाल्याला नेमकं आमचं नदीकडचं खाचर हवं झालं, कारण त्याच्या दोन तुकड्यांच्या मधे ते होतं. वडील गेल्यावर उताऱ्यावर माझं आणि आक्काचं अशी दोघांची नावं लागली होती. तो म्हणाला, "बहिणीचं हक्कसोड करून आणा, बाकी माझ्यावर सोडा."

बहिणीनं भावाला हक्क सोडून द्यायचा, भावानं तिला साडीचोळी करायची, आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी आक्काला फोन केला, नाव कमी करायचंय, एकदा येऊन जा. का, कशाला, असं तिनं विचारलंच नाही. वेल्ह्याच्या कचेरीत साहेबांनी रिवाजाप्रमाणं तिला विचारलं, "मावशी, राजीखुशीनं करताय ना? कुणाचा दाब नाही?"

"दाब?" आक्का म्हणाली. "अवो, याला म्या कडंवर घेऊन फिरवलाय. ह्यो मला काय दाबणार?"

साहेब हसले, मीही हसलो. अंगठ्याची शाई पुसत बाहेर आल्यावर तिनं एकच विचारलं, "आवणीला येऊ ना रं?"

"तुझंच हाय की आक्का," मी म्हणालो.

विसाराची आगाऊ रक्कम तेव्हा माझ्या खिशात होती. सौदा पक्का झालेला होता.

लोक म्हणतील फसवलं. मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की फसवलं नाही, कारण खरं सांगितलं असतं तरी तिनं अंगठा दिलाच असता. आणि हे खरंही आहे. मग सांगितलं का नाही? तर मला भीती वाटली की ती नाही, पण दाजी वाटा मागतील. मागितला असता तर तो हक्काचाच होता. एवढी साधी गोष्ट आहे. शहर आलं, भाव आला, काळ बदलला, हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी कचेरीच्या पायरीवर शहर उभं नव्हतं, मी उभा होतो.

त्या उन्हाळ्यात खाचर भरून घेतलं, मुरूम पडला, आत रस्ते आखले, तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट आलं. ते प्लॉट विकून द्यायचं कामही प्लॉटिंगवाल्यानं माझ्याकडेच दिलं. आक्काला फोन करून सांगायचं मी रोज ठरवायचो. आषाढ लागला आणि ती आली, न कळवता, नेहमीसारखी. घरी न जाता फाट्यावरून थेट खाचराकडे गेली. मी आत वरच्या अंगाला गिऱ्हाइकांबरोबर उभा होतो, त्यांना खालच्या बाजूची नदी दाखवत होतो. मोबाईल वाजला. गेटवरच्या वॉचमनचा. "साहेब, एक बाई आल्यात. म्हणत्यात, हितली लेक हाय, आवणीला आले. तुमची बहीण म्हणत्यात."

गेट तिथून दिसतं. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेली, काखेत पिशवी धरलेली बाई दिसत होती. मी म्हणालो, "आत्ता नको. कुणाला आत सोडू नका."

आणि पाठ फिरवून गिऱ्हाइकांना पुढचा प्लॉट दाखवला... तासाभरानं खाली आलो तर ती गेलेली होती. वॉचमनच्या खोलीत तिनं फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकरी ठेवल्या होत्या. "काय म्हणाली?" मी विचारलं. तो जरा घुटमळला. त्याच्या मोबाईलवर कानाला लावून ऐकू येत नसे म्हणून तो नेहमी स्पीकरवर बोलायचा. "त्यांना आयकू गेलं साहेब," तो म्हणाला. "मंग म्हणाल्या, माझा भाऊ कामात हाय, त्याला तरास देऊ नका. आन् ह्या भाकरी तुमीच खा म्हणाल्या."

यावर आक्का मला काही बोलेल, भांडेल, निदान भाऊबीजेला येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. ती आली. आम्ही राहायला गेलो होतो त्या कात्रजच्या फ्लॅटवर, लिफ्टला भिऊन जिने चढत, दम खात. ओवाळलं, साडीला नावं ठेवली, "ह्यो रंग काय म्हातारीचा व्हय?" माझ्या बायकोशी तासभर गप्पा मारल्या, आणि निघताना एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत तांदूळ. "माहेरचा हाय," म्हणाली. मला वाटलं, टोमणा मारला. आयुष्यभर टोमणेच मारत आलेली बाई, हा तिच्या परीनं मारलेला शेवटचा. पुढं दर भाऊबीजेला तसाच डबा, तेच शब्द. तो तांदूळ मी घरात शिजवू दिला नाही. साइटवर जाताना वॉचमनला देऊन टाकायचो आणि रिकाम्या डब्यात पेढे घालून संतोषबरोबर परत पाठवायचो, कारण डबा रिकामा परत करत नाहीत. आक्काला एकदा म्हणावं, आक्का, चुकलो... दर वर्षी ओवाळून घेताना ओठावर यायचं. ती कुंकू लावत असायची, मी खाली मान घालून बसलेला असायचो. राहून गेलं.

तेरावं झालं, निघायच्या आधी संतोष मला शेतावर घेऊन गेला. म्हणाला, "मामा, एक विचारायचंय." त्यांच्या सगळ्यात वरच्या खाचराच्या कोपऱ्यात लहानसा बांध घालून एक चौकोन वेगळा काढलेला. माजघराएवढा असेल. त्याच्याच कडेला, वीतभर उंचीचं हिरवं रोप. "हे आईनं जायच्या आधी पेरलेलं. तुमच्याकडचं बियाणं. ह्या तुकड्यात दुसरं काही लावू द्यायची न्हाई. इथलं दाणं वेगळं झोडायची, वेगळं सडायची. आमी म्हणायचो, आईचं माहेर हितंच हाय. दिवाळीला तुमाला आणायची ना, तो ह्योच तांदूळ."

मग तो म्हणाला, "यंदा लावायचं कुणी? आई म्हणायची, पहिली मूठ विंझरच्या लेकीची. मंग आता प्राजूताईच की."

प्राजक्ता माझी मुलगी. हिंजवडीला नोकरी करते, खाचरात कधी उतरलेली नाही. विंझरला आमचं शेत होतं एवढंच तिला ठाऊक होतं. 'विकलं' हा शब्द आमच्या घरात सहज बोलला जातो, त्याच्या मागचं काही बोललं जात नाही. तिला हिर्डोशीला का यायचंय हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. गेल्या रविवारी नेलं. गाडी मी चालवत होतो, त्यामुळं तिच्याकडे न बघता बोलता आलं. कचेरी, विसार, गेट, सगळं. कापूरहोळ मागं पडल्यावर ती म्हणाली, "आत्याला फोनवरचं ऐकू गेलं होतं, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"हो."

"आणि तरी?"

"हो."

भोरला ती उतरून चहा पिऊन आली, माझ्यासाठी आणला नाही. खाचराशी गेल्यावर मात्र तिनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ उतरली. पाय रुतला, तोल गेला, संतोषच्या बायकोनं हात दिला. "ताई, रोप उभं धरा, दाबू नका लई." मूठ वाकडीतिकडी लागली. मी बांधावर उभा होतो. उतर म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. मी बूट काढले आणि उतरलो. प्राजूनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि उरलेल्या रोपांतली अर्धी माझ्या हातात दिली.

गेल्या भाऊबीजेचा डबा अजून माझ्याकडे आहे. त्या वेळी साइटवर जाणं लांबत गेलं, तो गाडीच्या डिकीत राहिला, नंतर बायकोनं कपाटात वर ठेवला. हिर्डोशीहून आलो त्या संध्याकाळी तो मीच काढून ओट्यावर ठेवला आणि बायकोला म्हटलं, यातला भात लाव. कुकरची वाफ गेल्यावर जो वास घरभर पसरला तो मला ओळखू आला. प्राजूनं मागून आणखी घेतला. अजून दोन-तीन वेळा पुरेल एवढा तांदूळ आहे, मग डबा रिकामा होईल. तो हिर्डोशीला परत द्यायचा आहे. आता त्यात पेढे घालावेसे वाटत नाहीत. माहेरचं म्हणून आक्काच्या घरी पाठवावं असं माझ्याकडे काय उरलंय, ते शोधतो आहे.