शेवटचा शब्द ऐकणारे दामलेसाहेब

दामलेसाहेबांची आणि माझी पहिली भेट इथे परदेशात, पेनरोज उपनगरातल्या आमच्या डेपोच्या बंद फाटकाशी झाली. शनिवारची सकाळ होती. दुकानांना चित्रपटांच्या डीव्हीडी पुरवणाऱ्या या कंपनीत लागून मला जेमतेम चार दिवस झाले होते. आदल्या दिवशी मी सुपरवायझर ग्रेगला विचारले, उद्या कामावर येऊ का? तो म्हणाला, "या, ना." इतक्या आग्रहाने बोलावल्यावर न जाऊन कसे चालेल? मी डबा घेऊन हजर!

साहेब विसरलेला चष्मा न्यायला आले होते. माझी हकिगत ऐकून ते गाडीला टेकून हसत सुटले.

"अहो, तो मराठीत नव्हता बोलत! इथल्या इंग्रजीत 'या, ना' म्हणजे 'येस, नो', थोडक्यात 'नको'. आधी मन राखायला हो, मग नाही. शेवटचा शब्द ऐकायचा." मग गाडीचे दार उघडून म्हणाले, "चला आता आमच्याकडे, फ्लॅट बुशला. डब्यात भाजी कसली आहे?"

डेपोचे व्यवस्थापक म्हणून त्यांची शिस्त कडक, पण चूक पोटात घालण्याची रीत त्यांचीच. एका ख्रिसमसच्या आधी मी बच्चेकंपनीच्या चित्रपटांची लेबले भुताखेतांच्या पेटीवर चिकटवली. पेटी पापाकुराच्या दुकानात पोहोचली. साहेब स्वतः गाडी घेऊन गेले, "माझी चूक" म्हणाले आणि पेटी परत घेऊन आले. मला एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी लेबल लावण्याआधी आतली भुतं बघत जा."

आज साहेब साठ वर्षांचे होत आहेत आणि आमच्या जिवाला घोर लागला आहे. ऑस्ट्रेलियातली एक मोठी कंपनी आमची कंपनी विकत घ्यायला निघाली आहे. पंधरवड्यापूर्वी त्यांचे प्रतिनिधी सभेला आले. पॅकिंगच्या सीनाबाईंनी उभे राहून विचारले, "डेपो इथेच राहणार का?"

"या, ना," पाहुणे हसून म्हणाले, "तसं अजून काही ठरलेलं नाही."

मी साहेबांकडे पाहिले. या वेळी ते हसले नाहीत. "त्यांनी हो की नाही विचारलंय," ते म्हणाले. "लेखी उत्तर द्या."

साहेबांना सिडनीत मोठ्या पदाचे बोलावणे आहे. बदल्यात आमच्यापैकी कोणाला ठेवायचे याची यादी द्यायची. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली. यादी त्यांनी दिलेली नाही.

"जा हो बॉस, तिथे ऊन असतं," सीनाबाई म्हणाल्या.

"माझं डोकं इथेच पुरेसं तापलंय," साहेब म्हणाले.

रॅक, ट्रॉल्या, चित्रपटांचे हक्क खुशाल विकत घ्या. माणसांना अंधारात ठेवण्याचा हक्क त्या सौद्यात येत नाही! हे मी सभेत ओरडून सांगितले असते. साहेबांनी ते तीन शब्दांत मागितले, आणि तेही कागदावर.

हे लिहीपर्यंत तो कागद आलेला नाही. रोज सकाळी साहेब आधी टपाल पाहतात, मग आमच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवतात. त्यांनी रक्तदाबाची गोळी विसरू नये, हे सर्वांच्या वतीने सांगतो. साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पंचाहत्तरीला आम्ही सारे पेनरोजच्या त्याच फाटकाशी उभे राहून त्यांना आपल्या मराठीत म्हणू, "या ना!" त्या दिवशी फाटक उघडे असो.