लोटनभाऊचा ऑटो

यावलच्या लोटनभाऊचे हात कधी स्वस्थ बसले, असं कुणी शपथेवर सांगणार नाही. लग्नात फोटो काढताना "हसा, हसा, अजून थोडं, एवढं नको" म्हणता म्हणता हाच चौकटीत शिरून नवरदेवाचा फेटा ओढणार. केळीच्या मळ्यातल्या मोटरीला त्याने ऑटो बसवला होता: वीज आली की मोटर आपोआप चालू. ते सुख इतकं गोड लागलं की स्टुडिओतल्या कॉम्प्युटरलाही त्याने तीच खोड लावली.

त्या दुपारी वीज लपंडाव खेळत होती आणि स्टुडिओतला इन्व्हर्टर केव्हाच थकला होता. कॉम्प्युटर आपला आपण उठला, पण नेहमीचं चित्र येईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: डिस्कमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करत आहे. दुरुस्ती अर्धवट असतानाच वीज गेली. आली. पुन्हा उठला, पुन्हा दुरुस्ती, आणि बिघाडांची यादी आधीपेक्षा लांब.

"बंद कर ना," दिपमाला म्हणाली. ती त्याची बायको. लग्नाचे अल्बम तीच जुळवायची.

"होईल गं. एक डाव अजून."

"मोटर आहे का ती, दर वेळी चालू होऊ द्यायला?"

त्या डिस्कवर जीवरामआबांच्या पोरीचं, मेघाचं लग्न होतं, आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. कॅमेऱ्याची कार्डं लोटनने पुढच्या लग्नासाठी पुसून टाकलेली. घाई, दुसरं काय.

तेवढ्यात आबाच दारात. मूळचे शिरपूरकडचे, बोली अजून तिकडचीच, अहिराणी.

"लोटन, मनं नाचनं शे ना त्यामा?"

"आहे आबा. म्हणजे, असेल."

"बठ्ठा गावनी दखं. बठ्ठा हसनात. मीच नही दखं रे भो."

आबा जन्मात एकदाच नाचले होते, पोरीच्या हळदीत; सगळ्या गावाने ते बघितलं, सगळे हसले, बघायचे राहिले ते एकटे आबा.

वीज आली. कॉम्प्युटरचा डबा घुरघुरला. लोटनचा हात सवयीने की-बोर्डाकडे गेला, हवेत अडला आणि खाली वळला. अक्षरं उमटायच्या आत त्याने प्लग उपटला.

नियम त्याला ठाऊक होता. भुसावळच्या फोटोवाल्यांना तो मान डोलावून सांगायचा: मोडक्या डिस्कवर काही लिहू नये, ती नुसती वाचावी, नक्कल काढावी, औषधपाणी करायचं ते नकलेवर. हे सगळं तोंडाला पाठ होतं, हातांना नव्हतं.

"आबा, आता मध्येच वीज जायला नको. तुमच्या घरचा इन्व्हर्टर आणता?"

आबांनी तो बॅटरीसकट ट्रॅक्टरवर घालून आणला. लोटनने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला, म्हणजे मोडक्या डिस्कवर ती आपोआपची दुरुस्ती सुरूच होणार नाही. नव्या डिस्कवर नक्कल मुंगीच्या चालीने उतरू लागली. लोटन उठला, बसला, वायर चाचपायला निघाला.

"हात," दिपमाला म्हणाली आणि भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप त्याच्यापुढे सरकवलं. "सोल."

आबाही सोलायला बसले. शेंगा संपल्या, तिने लसूण ठेवला.

शेवटी नकलेची दुरुस्ती झाली. लग्न उघडलं. काही फोटो अर्धे करडे, बाकी जागच्या जागी. मग व्हिडिओ लावला: हळद लागली, डीजे दणाणला, आबांनी हात वर केला आणि चित्र थिजलं. पुढे थेट जेवणाची पंगत.

"एवढंच?"

"पुढचं गेलं, आबा. माझ्या ऑटोने खाल्लं."

आबा थिजलेल्या आबांकडे बघत राहिले. "परत दखाड."

लोटनने दाखवलं. मग परत. मग आणखी परत. बसल्या बसल्या आबांचा हात पडद्यावरच्यासारखा वर गेला, आणि चित्र थांबलं तरी तो थांबला नाही.

लोटनचे हात कॅमेऱ्यावर पोचलेसुद्धा.

"आधी कार्ड बघ," दिपमाला म्हणाली, "भरलेलं असेल."

"असू दे," तो खिसे चाचपत म्हणाला. "नवं घालतो."