पाय कोणाचा?

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी आता घरी निवांत बसलो की पुन्हा पुन्हा समोर येते ती एका मोटरची चोरी. त्या प्रकरणात मी चुकलो होतो, म्हणूनच ती पिच्छा सोडत नसावी.

तेव्हा मी रायपूरच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक जलाशय होता आणि काठावर हौशी मंडळींचा शिडाच्या नावांचा क्लब. एका सकाळी गोल बाजारातला भांड्यांचा व्यापारी तक्रार घेऊन आला. त्याच्या नावेच्या मागे लावलेली नवीकोरी मोटर रातोरात गेली होती.

"शिडाच्या नावेला मोटर कशाला?" मी विचारलं.

"हवा बंद हो गई तो किनारे कैसे आएँगे, साहब?"

मोक्यावर गेलो. मोटर अडकवायची मागची फळी वरून फाटली होती. चोराने घाईत पहार लावून मोटर उपटली, असं मी पंचनाम्यात ठोकून दिलं. दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. नावाड्याला विचारा, दोन दिवसांपूर्वी तो त्या मोटरचे स्क्रू फिरवत होता, एवढंच बोलून माणसाने फोन ठेवला.

नावाडी पन्नाशीचा, इथलाच छत्तीसगढी माणूस. क्लबच्या नावा वीस-बावीस वर्षं तोच सांभाळत होता. डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे लंगडत चालायचा. शेडच्या किल्ल्या कायम कमरेला. काठावरच्या क्लबच्याच खोलीत बायकोसोबत राहायचा. चोरीचा ठपका बसला असता तर काम, खोली आणि आयुष्यभर जपलेलं नाव, तिन्ही गेली असती. त्याला ठाण्यात बोलावल्याचं कळताच क्लबच्या सेक्रेटरीने किल्ल्या काढूनही घेतल्या होत्या.

"स्क्रू फिरवलेस का?" मी विचारलं.

"हव साहेब, कसे रेहेंव." म्हणजे घट्ट केले होते.

"मग मोटर गेली कुठे?"

"गोड़ छोटे रिहिस साहेब, तेखरे सेती गिस."

गोड़ म्हणजे पाय. मी रायपूरच्याच बूढ़ापाऱ्यात वाढलेला मराठी माणूस; ही बोली मला कोणी शिकवायला नको, असा माझा तोरा. पाय आखूड होता, म्हणून गेली. मी अर्थ लावला की पाय अधू असल्यामुळे चोरामागे धावता आलं नाही, असं हा सांगतोय. मग चोर कोण, हे विचारलं की तो माझ्याकडे बघत राहायचा आणि पुन्हा तेच वाक्य म्हणायचा. मुन्शीने जबाबात लिहून घेतलं, 'पैर छोटा होने के कारण', आणि खाली मी सही केली.

माझा हवालदार मूळचा भंडाऱ्याकडचा. तो वैतागला. "साहेब, हा तं आपल्या पायाचंच रडगाणं गाऊन राहिला. कोनाले तरी वाचवून राहिला, दुसरं काय!"

मलाही तसंच वाटलं. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. हात लावला नाही, पण आवाज भरपूर चढवला. त्याची बायको फाटकाबाहेर डबा घेऊन उभी असायची. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन पुन्हा जलाशयावर गेलो. उतारावर हवालदाराने त्याचा दंड धरला. "हळू चाल बाबा, पाय आखूड आहे तुहा."

दोन दिवस मान खाली घालून बसलेला माणूस एकदम उसळला. "मोर गोड़ नहीं साहेब! मोटर के गोड़! मोटर के!"

आम्ही दोघंही जागीच थांबलो. "काय म्हन्ते हा? मोटरले पाय?" हवालदार पुटपुटला.

नावाड्याने मला नावेपाशी नेलं आणि हाताने मापून दाखवलं. मोटरच्या डोक्यापासून खालच्या पंख्यापर्यंतचा दांडा, तोच तिचा पाय. मासेमाऱ्यांच्या बसक्या नावेला आखूड पाय चालतो. शिडाच्या नावेची मागची बाजू उंच, तिला लांब पायाचीच मोटर लागते. नाहीतर पंखा पाण्यात पुरता बुडत नाही. जोर कमी असला तरी चालतो, एवढीशी तर नाव. त्याने मालकाला हे दोनदा सांगितलं होतं. मालकाने आणली दुप्पट जोराची, आखूड पायाची. ती फळीवर हिसके देईल हे ओळखून नावाड्याने स्क्रू कसले आणि मोटर दोरीने नावेला बांधून ठेवायला सांगितलं. मालकाने दोरी बांधली नाही.

"आणि मग?"

फाटलेली फळी बघूनच त्याने ताडलं होतं; त्याने घाटासमोरच्या पाण्याकडे बोट केलं. परतताना शीड उतरवायला एक माणूस नावेच्या टोकाला जातो. पुढे वजन गेलं की मागचा भाग उचलतो, पंखा हवेत येतो आणि मोटर नुसती किंचाळते. अशा वेळी वेगाची मूठ सोडायची असते. नवखा माणूस घाबरून ती आणखी पिळतो. तेवढ्यात पंखा पुन्हा पाण्यात पडतो आणि जो हिसका बसतो, तो पातळ फळीला सोसत नाही.

मासेमाऱ्यांना बोलावून तिथेच गळ टाकायला लावले. चौथ्या फेकीला मोटर वर आली. तिचे स्क्रू घट्ट होते आणि त्यांच्या पकडीत फळीचा तुकडा तसाच होता. पंचांसमोर तो फळीच्या फाटलेल्या जागेला लावला. चपखल बसला.

व्यापाऱ्याला बोलावलं. मोटर पाहताच तो खाली बसला. नावाडी बाजाराला गेलेला असताना त्याने अभनपूरच्या मेहुण्याला नावेतून फिरवायला नेलं होतं. "सबके सामने बोला था कि मोटर मैं नाविक से ज्यादा समझता हूँ. हँसी हो जाती, साहब."

"और वो फोन?"

"वो भी मैंने ही करवाया था, साहब." खोटी तक्रार दिल्याबद्दल त्याच्यावर रीतसर कारवाई केली.

पण त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्याने एक खोटं सांगितलं. नावाड्याने मात्र पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रश्नाला खरं सांगितलं होतं. मी त्याच्या पायाकडे बघत ऐकत होतो, म्हणून मला दुसरा पाय सुचलाच नाही. पाय कोणाचा, एवढा साधा प्रश्न विचारला असता तर ते दोन दिवस वाचले असते. त्यानंतर जबाब घेताना मी प्रत्येक वाक्यामागे विचारू लागलो: कोणाचं? कोणाला? हाताखालची मंडळी हसायची. हसू दे म्हटलं.

सेक्रेटरीने किल्ल्या माझ्यासमोर परत दिल्या. नावाड्याने शेड उघडली आणि जुडगा कमरेला न बांधता दारामागच्या खुंटीला अडकवला. मी त्याची माफी मागितली. तो नुसता "हव" म्हणाला.

पुढे दोन वर्षांनी त्या बाजूला गेलो, तर किल्ल्या खुंटीवरच होत्या. "कमरेला का बांधत नाहीस आता?" मी विचारलं.

"खूँटी म सब झन ला दिखथे साहेब," तो म्हणाला. "मोर कनिहा म रही, त फेर मोरेच नाव आही."

खुंटीवर सगळ्यांना दिसतात. माझ्या कमरेला असल्या तर पुन्हा माझंच नाव येईल. यावेळी मला त्याचं बोलणं पहिल्यांदाच नीट कळलं.