बिब्बा मानवला

“डोळे मिटा. कापूस लागेल तिथं बोट ठेवा,” डॉक्टर म्हणाले. मी डोळे मिटले आणि कापूस लागायची वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं उघडले, तर डॉक्टर कागदावर लिहीत होते. माझ्या डाव्या हातावरच्या चट्ट्याला चार वेळा कापूस लावून झाला होता.

हॅन्सेन्स डिसीज, ते म्हणाले. मला काही समजलं नाही, तेव्हा मराठी नाव सांगितलं. कुष्ठरोग. माझी दहा महिन्यांची लेक बाहेर बाकड्यावर सासूबाईंच्या मांडीवर होती. आता तिला मला पुन्हा जवळ घेता येणार नाही, एवढंच डोक्यात आलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं दगा दिला होता. मुरुडला आमचं कापडाचं दुकान. घरात चौथ्या दिवशी अंघोळ, तीही अर्ध्या बादलीची, त्यामुळे सगळ्यांना खरूज झालेली. सासूबाई कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंग पुसायला लावायच्या, वरून करंजाचं तेल. त्यानं बरं वाटायचं, ते मी आजही नाकारत नाही. बाकीचे खाजवून बेजार, माझा चट्टा मात्र कधी खाजला नाही. तिथं घामसुद्धा यायचा नाही. मी स्वतःला नशीबवान समजत होते, काय अक्कल म्हणावी.

चट्टा वाढला. दुकानात एक बाई त्याच्याकडे बघतच राहिली, तेव्हा पहिल्यांदा मी हातावर पदर ओढून घेतला. आमच्यात पूजा झाल्यावर कपाळाला, हातांना विभूती लावतात. मी ती डाव्या हाताला जाड थापायला लागले. देवाच्या नावाखाली लपवत होते.

सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी बिब्बा तापवला, सुईनं टोचला आणि निघालेलं तेल चट्ट्यावर लावलं. बिब्ब्यानं कातडी पोळते, माणूस थयथयाट करतो. मला मोठे फोड आले, पण आग अजिबात झाली नाही. “बिब्बा मानवला गं तुला,” त्या म्हणाल्या. आम्ही दोघी खूश.

फोड चिघळले म्हणून तर लातूरला आलो होतो. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, खरंच दुखलं नाही? मग म्हणाले, “बाई, दुखलं नाही हाच तर आजार. नसा बधिर झाल्यात.” गोळ्यांनी हा बरा होतो, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, बाळाला दूध पाजा, तिला काही होत नाही. हे सगळं त्यांनी सासूबाईंना आत बोलावून पुन्हा सांगितलं.

मला एक अक्षर पटलं नाही. घरी मी ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं. दूध पाजताना डावा हात पाठीमागे धरायचे आणि पोरगी पोटभर प्यायच्या आत तिला खाली ठेवायचे. लेकीचे वडील, आमचे मालक, दुकानातून उशिरा यायला लागले. मला माहेरी पाठवतील, अशी भीती वाटायची.

आठवड्यानं एका संध्याकाळी पोर रडत होती आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. सासूबाईंनी तिला उचलून माझ्या मांडीत ठेवलं. “लेकरू रडायलंय अन् तू बघायलीस? धर. दोन्ही हातांनी धर.” मग तिथंच बसून म्हणाल्या, “बिब्बा म्या लावला, या हातांनी. भ्यायचं तर म्या भ्यावं.”

गोळ्या पुऱ्या केल्या, बरी झाले. एक मात्र सांगते. पाला लावा, तेल लावा, पण जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्याला घरात ठेवून घेऊ नका. तो आधी डॉक्टरांना दाखवा.

त्या संध्याकाळी मी खाली बघितलं, तर लेकीनं माझा डावा हात बरोबर त्या चट्ट्यावर गच्च धरला होता. मला ते कळत नव्हतं, फक्त दिसत होतं. मी हात तसाच राहू दिला.