गळ्यात इष्टलिंग, हातात गळ

मी मूळचा शिरूर अनंतपाळचा, लिंगायत वाणी. आमच्या सात पिढ्यांत कुणी अंड्याला बोट लावलं नाही, हे मी कुणी न विचारताच सांगत असतो. नांदेडात तीस वर्षं तयार कपड्यांचं दुकान चालवलं, गिऱ्हाइकांशी भांडून भांडून रक्तदाब वाढवला आणि शेवटी दुकान पोराच्या हवाली केलं. डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा. आता मन काय गल्ल्यातली चिल्लर आहे, ठेव म्हटलं की ठेवायला?

माझा एक जुना दोस्त आहे, मुखेडच्या गाडीवर जन्म घालवलेला एसटी कंडक्टर. मासे म्हणजे त्याचा जीव. तो म्हणाला, "अप्पा, रविवारी विष्णुपुरीच्या धरणावर गळ टाकायला चल. निस्तं बसायचं. डोस्कं थंड होतंय."

गळ्यात इष्टलिंग आणि हातात गळ, हे जमायचं कसं? पण वाण्याला तोड काढायला वेळ लागत नाही. मी माझं शास्त्र ठरवलं. काठी मी धरणार, गळाला बोट लावणार नाही. गळ बांधायचा, कणीक लावायची, ते सगळं त्यानं करायचं. मासा लागलाच तर सोडवायचा त्यानं, खायचाही त्यानं. म्हणजे पाप त्याचं आणि कौतुक तेवढं माझं. बायकोला सांगितलं, फिरायला जातो. जाताना तिच्या परातीतला कणकेचा गोळा रुमालात बांधून पळवायचो. तिला कळलं असतं तर तिनं माझी पूजाच बांधली असती.

अशी आठ वर्षं गेली. खरं सांगतो, तिथं फार बरं वाटायचं. समोर गोदावरी, एखादा बगळा, आणि दोस्त थर्मासातला चहा ओतून देणार. आम्ही सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, सरकारबद्दल बोलायचो. मासे ऐकत असतील तर कंटाळून निघून जात असावेत, कारण आठ वर्षांत एक मासा लागला नाही. मलाही नाही, त्यालाही नाही.

मी मात्र इरेला पेटलो होतो. मरायच्या आधी एक तरी मासा लागलाच पाहिजे. पलीकडे बसणारे लोक पिशव्या भरभरून न्यायचे, मी धरणाला आणि कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकलींना शिव्या घालायचो. मधूनच काठी हिसडून सांगायचो, "गेली बघ. मरळ होती, दोन किलोची."

दोस्त पाण्याकडं बघत म्हणायचा, "हाव, लई मोठी होती."

गेल्या महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी एकटाच गेलो, म्हटलं आज लावतोच. पण कणीक लावायला कुणी नव्हतं. इष्टलिंगाची माफी मागितली आणि काठीला बांधलेल्या तंगुसाचं टोक हातात घेतलं. टोकाला गळ नव्हता. बटण होतं. पांढरं, चार भोकांचं, शर्टाचं. कपड्यांत जन्म गेला माझा, बटण मला कळतं.

तसाच काठी घेऊन रिक्षानं त्याच्या घरी गेलो. तो काळा चष्मा लावून खाटेवर बसला होता.

"आठ वर्षं उल्लू बनवून राहिलास होय मला?"

"वैनीचा पहिल्याच रविवारी फोन आलता," तो म्हणाला. "कणीक कुठं गेली इचारायल्या. मी खरं सांगून टाकलं. म्हणल्या, बसू द्या त्यांना, आज माणूस न भांडता जेवला. पण त्यांच्या हातून जीव जाऊ देऊ नका."

"आणि ती दोन किलोची मरळ?"

"तू होती म्हणलास. मी हाव म्हणलो."

मला संताप आला होता, तो कुठं ठेवावा कळेना. मग एकदम डोक्यात आलं. "तुझा गळ तर खरा होता ना? मग तुला कसा लागला नाही?"

तो चादर सारखी करत बसला. "मला लागला असता तर तू यायचं बंद केलं असतं, अप्पा."

"म्हणजे तुझ्या पण?"

"बटनच."

मी त्याच्यावर खेकसलो, "कुठून आणलीस रे ही बटणं?"

"एकाच शर्टाची हायत दोन्ही. तुझ्याच दुकानातला. शर्ट दुसऱ्या धुण्यालाच फाटला. बटनं तेवढी टिकली."